आधी कागद, मग सोंग: उपरोधिक लेख लिहिण्याची रीत

परभणीहून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी मी गेली बारा वर्षं उपरोधिक लेख निवडतो. आखाड सरला की टपाल सुरू होतं. चाळीसेक लेख येतात, छापले जातात चार-पाच. परत जाणाऱ्या लेखांची भाषा वाईट नसते, विषयही खरे असतात. चुकतो तो क्रम. माणूस संध्याकाळी चिडतो, रात्री लिहितो आणि सकाळी पाठवून मोकळा होतो. मग शीर्षक असतं 'मी खड्डा बोलतोय', पहिल्या ओळीत साहेबाच्या पोटावर विनोद आणि शेवटच्या परिच्छेदात समाजाला जागं होण्याचं आवाहन.

म्हणून इथं फक्त क्रम सांगतो. उदाहरण एकच धरलंय, आपल्याकडं दर तिसऱ्या गावात सापडेल असं: घरोघरी नळ आलेत, नळाला पाणी नाही.

## १. राग वेगळ्या वहीत काढा

पहिला मजकूर रागाचाच असणार. तो लिहाच, पण वेगळ्या वहीत, आणि कुणाला दाखवू नका. पाऊस पडल्या पडल्या काळ्या रानात औत घातलं तर नुसती ढेकळं निघतात. वापसा, म्हणजे औत चालेल इतपतच ओल, यावा लागतो. लेखाचंही तसंच आहे. मला स्वतःला चार दिवस ते आठवडा लागतो.

वापसा आला की नाही हे ओळखायची खूण अशी: ज्याच्यावर लिहायचंय त्याची बाजू दोन वाक्यांत लिहून पाहा. ती वाचून तो म्हणाला पाहिजे, "बरोबर, माझं म्हणणं हेच." आमच्या उदाहरणात ती बाजू अशी निघाली: "नळजोडणी देणं हे या कामाचं उद्दिष्ट होतं, ते पूर्ण झालं. पाण्याचा स्रोत आटला, तो वेगळा विषय आहे." ही दोन वाक्यं जपून ठेवा. पुढं सहाव्या टप्प्यावर सगळा लेख यांच्यातूनच उगवणार आहे.

तपासा: विरोधकाची बाजू लिहिताना 'म्हणे', 'तथाकथित' असे शब्द आले असतील, तर रान अजून ओलं आहे.

## २. कागद जमवा

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: पाहिलेलं, कागदावरचं, ऐकलेलं. लेखात पहिल्या दोन रकान्यांतलंच घ्यायचं. तिसऱ्या रकान्यानं कुठं शोधायचं ते कळतं, त्यापलीकडं त्याचा उपयोग नाही. "अमक्यानं पाइपात पैसे खाल्ले" हे पारावर सगळ्यांनाच माहीत असतं. लेखात ते आलं की लेखाचा जामीन तुम्ही होता.

कागदावर काय असतं ते पाहू. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी, असा तिचा निकष. जोडणीला सरकारी भाषेत 'कार्यात्मक घरगुती नळजोडणी' म्हणतात. यातला 'कार्यात्मक' हा शब्द पाटावर बसवून पूजा करावी असा आहे. काम झालं की विभाग गावाला 'हर घर जल' म्हणून नोंदवतो, आणि मग ग्रामसभा ठराव करून त्यावर शिक्कामोर्तब करते. हा ठराव आमच्या दृष्टीनं सोन्याची खाण. नळ कोरडा आहे हे दिसतंच. तो ओला आहे असं कोण म्हणतंय, ते ठरावातून कळतं.

ठराव सरळ मागून मिळाला तर ठीक, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. यात लोक हमखास एक चूक करतात. अर्जात विचारतात, "नळाला पाणी का येत नाही?" 'का' ही माहिती नव्हे, असं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. कागदाचं नाव लिहून प्रत मागा: ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, अंदाजपत्रकाची प्रत, पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत. झालेल्या कामाची मापं ज्यात लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेला ठेकेदार मंडळी 'एमबी' म्हणतात. खरी कादंबरी तीच.

दिवाळी अंकासाठी लिहिणार असाल तर या महिन्या-दोन महिन्यांचा हिशेब आधीच धरा. पोळ्याला अर्ज टाकून दसऱ्याला लेख मागितला तर गाडी चुकते.

मग गावात जा. फोनवर विचारून भागत नाही. निदान वीस घरं फिरा आणि फक्त तोटीकडं बघा. मी अशाच एका गावात गेलो होतो. एका घरी तोटीला कालवडीचं दावं बांधलेलं. दुसऱ्या घरी तोटीवर पोराचा टॉवेल वाळत होता. तिसऱ्या घरी तोटीच नव्हती. विचारलं तर आजी म्हणाल्या, "काढून ठिवलीय बाबा, संदुकीत. चोरीला गेली मंजी?" पाणी येईल तेव्हा लावणार होत्या. घरी बसून दहा वर्षं डोकं खाजवलं असतं तरी मला ती संदूक सुचली नसती.

सावधान: तोटी संदुकीत ठेवणाऱ्या आजीचं नाव, घर, गल्ली लेखात येता कामा नये. लेख छापून आल्यावर तुम्ही परभणीत असता, आजी गावातच असतात.

## ३. निशाणा ठरवा

हे वाक्य वहीत उतरवा आणि गाळलेल्या जागा भरा:

"माझा लेख ……ला हसतो, कारण त्याच्या हातात …… होतं आणि त्यानं …… केलं."

दुसरी जागा भरता येत नसेल तर तुम्ही चुकीचा माणूस धरलाय. गावातला वॉलमन, म्हणजे नळाला पाणी सोडणारा, घ्या. लेखांत सगळ्यात जास्त मार तोच खातो, कारण तो दिसतो. त्याच्या हातात काय असतं? पाना. टाकीत पाणी नसताना पान्यानं काय होणार? बऱ्याच ठिकाणी त्याचा पगारही थकलेला असतो. त्याला सोडा.

बीड-धाराशिवकडून ऊसतोडीवर लेख येतात. अर्ध्यांत मजुराच्या उचलीवर, म्हणजे त्यानं मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांवर, त्याच्या हातातल्या मोबाइलवर, बायकोच्या लुगड्यावर विनोद असतो. असे लेख मी पहिल्या पानावरच मिटतो. त्याच विषयात खरा माल पडलेला असतो. नवरा-बायको दोघं मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोन माणसं, मोजणीत एक हत्यार. हा शब्द कुणी रुळवला, उचलीचा हिशेब कोण ठेवतं, मुकादमाच्या वहीत शेवटी बाकी नेहमी मजुराकडंच कशी निघते, तिकडं तोंड वळवा. विषय तोच राहतो, फक्त वार दुसऱ्या अंगाला बसतो.

जात, आडनाव, शरीर, आजार, घरातल्या बायका आणि बोली या गोष्टींवर हसून निघालेला लेख उपरोधिक म्हणून पाठवू नका. बोलीबद्दल पुढं आणखी सांगतो, कारण आपली माणसंच तिथं जास्त घसरतात.

आमच्या नळाच्या लेखात मी आधी ठेकेदार धरला होता. ठरावाची प्रत हातात आली आणि बेत बदलला. सह्यांची ओळ खाली खाली जात होती. सगळं गाव तिथं होतं. कोरड्या नळाला ओला म्हणून सही करताना कुणाचाही हात थरथरलेला दिसत नव्हता. मग निशाणा ठरला तो कागदावर झालं की झालं असं मानणाऱ्या सवयीवर. त्यात साहेब आले, ठेकेदार आला, सही करणारे आपणही आलो. लेख तिथून मोठा झाला.

## ४. सोंग निवडा

हा टप्पा टाळून लिहिलेला लेख शंभर हातांवरूनही ओळखू येतो.

पैठणच्या नाथांची भारुडं आठवा. त्यांत एकनाथ महाराज एकनाथ म्हणून बोलत नाहीत. कधी वासुदेव, कधी जोशी, कधी गोंधळी. कुठं विंचू चावलेला माणूस, कुठं 'दादला नको' म्हणणारी बाई. सांगायचं ते सगळं त्या सोंगाच्या तोंडून. सोंग उतरवून "तर मित्रहो" असं म्हणायला ते येत नाहीत. दारात येणारा बहुरूपीही तेच करतो. पोलिसाच्या वेशात येऊन "चला, तुमच्यावर वॉरंट निघालंय" असं दरडावतो. पोरं रडकुंडीला येतात, बायका पदराआड हसतात, पण तो हसत नाही. मधेच हसला की बिदागी गेली.

लेखातला 'मी' म्हणजे तुम्ही नव्हे, हे आधी मनाशी पक्कं करा. तो कोण आहे हे ठरवायला मी चार प्रश्न विचारतो: त्याचा फायदा कशात आहे, त्याला काय दिसत नाही, तो हे कुणाला लिहितोय, आणि कोणता शब्द तो मेला तरी वापरणार नाही.

नळाच्या लेखासाठी मी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा एक सदस्य घेतला. निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं. फायदा असा की गावाला पुरस्कार मिळाला तर फोटोत त्यांचा चेहरा येईल. त्यांना दिसत नाही ते पाणी. बाकी सगळं दिसतं. लिहितात ते वरिष्ठ कार्यालयाला. आणि 'कोरडा' हा शब्द ते कधीच वापरणार नाहीत. या शेवटच्या अटीनं निम्मा लेख आपोआप लिहून दिला. 'कोरडा' म्हणायचं नाही म्हटल्यावर ते म्हणतात, 'स्वच्छ', 'गळतीमुक्त', 'शांत'.

इथं होणाऱ्या चुका तीन, आणि तिन्ही दरवर्षी येतात.

एक, वस्तूंची आत्मवृत्तं. बोलका खड्डा, बोलकी खुर्ची, बोलकी टाकी. आठवीच्या निबंधातून ही सवय लागते आणि सुटत नाही. खड्ड्याला लाभ-हानी नसते, म्हणून त्याला खोटं बोलायचं कारणही नसतं. तो फक्त तक्रार करतो. तक्रारीत उपरोध कुठून येणार?

दोन, सोंग मूर्ख असणं. "मला तर बाई काहीच कळत नाही" छापाचा भोळा बोलला की वाचकाला पहिल्या ओळीत सगळं समजतं आणि तो पान उलटतो. सोंग हुशार असावं, मन लावून काम करणारं असावं, शक्यतो आपल्यापेक्षा चांगलं मराठी लिहिणारं असावं. त्याचा पाया तेवढा वाकडा. वर बांधकाम चोख.

तीन, सोंग मधेच सुटणं. याची खूण म्हणजे 'वास्तविक पाहता'. हा शब्द आला की समजा, शिक्षक उठून गेले आणि खुर्चीत लेखक येऊन बसला.

तपासा: प्रत्येक वाक्याशी थांबून विचारा, हे वाक्य हा माणूस जिल्हाधिकाऱ्यांसमोर छाती पुढं काढून म्हणेल का? लपवावंसं वाटेल असं वाक्य त्याचं नाही, तुमचं आहे. काढा.

## ५. साचा घ्या

सोंग ठरलं की साचा पटकन सापडतो. आपल्या आसपास किती पडलेत: पंचनामा, निविदा सूचना, लग्नपत्रिका, ग्रामसभेचं इतिवृत्त, श्रद्धांजलीचा फलक, चौकातला वाढदिवसाचा बॅनर आणि त्यावरची शुभेच्छुकांची फौज. साचा वाचकाच्या ओळखीचा हवा. मी शिक्षकांना अर्ज दिला: गावाला विशेष पुरस्कार मिळण्याबाबत.

साच्यात ठरलेल्या ओळी असतात, त्या जशाच्या तशा ठेवा. 'विषय', 'संदर्भ', 'महोदय', 'उपरोक्त विषयास अनुसरून'. वाचकाला त्या पाठ असतात. म्हणूनच त्यांच्यात घुसलेलं एखादं वाकडं वाक्य लगेच दिसतं.

सावधान: बनावट शासन निर्णय लिहिणार असाल तर राजमुद्रा लावू नका. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ पासून स्वतंत्र कायदा आहे. खऱ्या कार्यालयाचं लेटरहेड, जावक क्रमांक, खऱ्या अधिकाऱ्याची सही, यांतलं काहीही नको. मोबाइलवर लेखाचं शीर्षक कापलं जातं, चित्र तेवढं फिरतं.

माझ्या अंगावर आलेला प्रसंग. मी एकदा 'तालुकास्तरीय टँकर सजावट स्पर्धा' अशी जाहिरात लिहिली होती. नियम दिले, बक्षिसं दिली, गळक्या टँकरला उत्तेजनार्थ ठेवलं. जाहिरात हुबेहूब झाली, कारण कुठल्याच नियमात मी वेडेपणा नीट वाढवला नव्हता. तीन टँकरमालकांचे फोन आले. एकानं प्रवेश फी विचारली. चूक त्यांची नव्हती. साचा पूर्ण होता, उपरोध अर्धा होता.

## ६. तर्काला पायऱ्या द्या

लेखाचं खरं काम इथं आहे. पहिल्या टप्प्यावर जपून ठेवलेली दोन वाक्यं आता काढा: "नळजोडणी हे उद्दिष्ट होतं. पाणी वेगळा विषय." शिक्षकांना हे शंभर टक्के पटलेलं आहे. आता त्यांचा हात धरायचा आणि या रस्त्यानं तो जिथं जातो तिथपर्यंत चालत राहायचं. मधे उडी नाही, वळण नाही.

पहिली पायरी:

"आमच्या गावातील एकही नळ गेल्या अठरा महिन्यांत गळालेला नाही. अन्यत्र गळतीचे प्रमाण चिंताजनक असताना आमच्या गावाने शून्य गळतीचे उद्दिष्ट पहिल्याच दिवशी गाठले व ते आजतागायत टिकवून ठेवले आहे."

इथं एकही खोटा शब्द नाही. पहिली पायरी खरीच असली पाहिजे. वाचक तिच्यावर भार टाकून वर चढणार आहे.

दुसरी:

"पाण्यावरून गावात एकही तंटा नाही. ज्या वस्तूचे वाटप होत नाही, तिच्या वाटपात पक्षपातही होत नाही. वरच्या आळीला जेवढे पाणी मिळते तेवढेच खालच्या आळीला मिळते."

तिसरी:

"पाण्याचा नमुना दूषित निघाल्याची एकही नोंद दप्तरी नाही."

ही मुद्दाम आखूड ठेवली. दोन लांब पायऱ्यांनंतर दम घ्यायला जागा लागते.

चौथ्या पायरीवर वेडेपणा सुरू होतो, पण शिस्तीत:

"शेजारील काही गावांना नियमित पाणी येत असल्याने तेथे गळती, डबकी व भांडणे आढळतात. सबब तेथील पाणीपुरवठा काही काळ बंद ठेवून त्यांनाही हा दर्जा गाठण्याची संधी द्यावी."

आणि पाचवी. ही लिहायला मला दोन दिवस लागले:

"गावात आठवड्यातून दोन वेळा टँकर येतो. टँकर पाहून परगावच्या पाहुण्यांचा आमच्या प्रमाणपत्रावरील विश्वास उडतो. गावाच्या नावलौकिकाचा विचार करून सदर टँकर तत्काळ बंद करावा, ही नम्र विनंती."

पहिल्या चार पायऱ्यांवर हसू येतं. पाचवीवर वाचकाच्या लक्षात यायला हवं की गावात प्यायला असलेलं एकमेव पाणी शिक्षकांनी, मोत्यासारख्या अक्षरात, आत्ता बंद करवलं. ते स्वतः मात्र समाधानी आहेत. इतका वेळ लेख मऊ ठेवला तो या एका ठिकाणासाठी.

पायऱ्यांत दोन तऱ्हांनी चूक होते. काही जण पहिल्याच ओळीला पाचव्या पायरीवर उभे असतात: "आमच्या गावात लोक तहानेनं मरतात, तरी पुरस्कार द्या." मग पुढं चढायला काही उरत नाही. काहींच्या पायऱ्या सारख्याच उंचीच्या असतात. गळती नाही, डबकं नाही, चिखल नाही, डास नाहीत… एकच विनोद चार कपड्यांत. वाचक दुसऱ्याला ओळखतो, चौथ्याला कंटाळतो. त्यातला एक ठेवा.

आपल्या भागात तिसरीही अडचण येते: वास्तव तुमच्या पाचव्या पायरीच्या वर जाऊन बसलेलं असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती आणि पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं. पाण्याभोवती माणसं जमू नयेत म्हणून कलम लावायचं, हे मी कुठल्या लेखात लिहिलं असतं तर संपादकानं अतिशयोक्ती म्हणून काढलं असतं. अशा वेळी फुगवू नका. वस्तुस्थिती सपाट आवाजात सांगा, तारीख द्या आणि शेजारी दुसरी तेवढीच सपाट वस्तुस्थिती ठेवा. ऑक्टोबर २०१६ ला तेव्हाच्या औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी हजारो कोटी जाहीर झाले. सप्टेंबर २०२३ ला छत्रपती संभाजीनगरात बैठक झाली आणि हजारो कोटी जाहीर झाले. दोन ओळी एकाखाली एक लिहा, मधे शहराचं नाव बदललेलं दिसू द्या, आणि गप्प बसा.

## ७. भाषा

सरकारी मराठीची चेष्टा करायची तर ती अस्सल यावी लागते. 'यथावकाश', 'आवश्यक ती कार्यवाही', 'उचित निर्णयार्थ सादर' हे शब्द कुठं बसतात ते ठाऊक हवं. नुसते संस्कृत शब्द कोंबून सरकारी भाषा होत नाही. पाच-सहा खरे अर्ज आणि त्यांची उत्तरं समोर ठेवून वाक्याची लांबी ऐका. सरकारी वाक्यात कर्ता नसतो, हे मुख्य. 'पाणी सोडले नाही' असं तिथं कुणी लिहीत नाही. 'पाणी सोडणे शक्य झाले नाही' असं लिहितात. शक्य कुणाला झालं नाही, हा प्रश्नच उरत नाही.

आता बोली. "काय करलालाव", "कामून", "उलीसं" हे शब्द आले की पुण्या-मुंबईचा वाचक हसतो, असा आपल्या लेखकांना अनुभव आहे. म्हणून ते पात्राला बोली देतात आणि विनोद झाला असं समजतात. तो हसला आपल्या आजीला, साहेब सुटला. बोली वापरायची तर शहाणपण बोलीच्या तोंडी द्या आणि मूर्खपणा प्रमाण मराठीच्या. संदुकीतल्या तोटीचं वाक्य मी आजींच्या शब्दांत ठेवलं, कारण सगळ्या प्रकरणात व्यवहाराचं तेवढंच एक वाक्य होतं.

## ८. कापाकापी

एका लेखातली ओळ, नाव न घेता:

"वा! काय तो 'विकास'!! धन्य ते अधिकारी आणि धन्य ती योजना, जिने जनतेच्या तोंडाला पाने पुसली!!!"

उद्गारचिन्हं सहा. अवतरणातला 'विकास' म्हणजे वाचकाला डोळा मारणं. 'धन्य' दोनदा. 'तोंडाला पाने पुसली' हा सरळ आरोप, म्हणजे सोंग सुटलं. त्या लेखकाला मी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी तिथं प्रत्यक्षात काय पाहिलं?" त्यांनी सांगितलं, आणि ओळ अशी झाली:

"१७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर नळाला हार घालण्यात आला. हार टवटवीत राहावा म्हणून त्यावर टँकरचे पाणी शिंपडले."

त्यांनी ते पाहिलेलं होतं, लिहिलं मात्र नव्हतं. त्याऐवजी 'धन्य' लिहिलं होतं.

कापताना क्रम ठेवा. आधी शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. दहापैकी आठ लेख त्याशिवाय चांगले लागतात, कारण आवाहन तिथंच बसलेलं असतं. मग उद्गारचिन्हं. मग अवतरणं. मग 'म्हणे', 'बरं का', 'अहो', 'काय सांगावं'. हसरे चेहरे तर नकोतच. सगळ्यात शेवटी तुम्हाला स्वतःला फार आवडलेला एक विनोद काढून पाहा. त्याच्यावाचून लेख चालला, तर तो विनोद पुढच्या लेखासाठी ठेवा.

## ९. कायद्याची चाळण

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बदनामी तिच्या कलम ३५६ मध्ये येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. त्याच कलमात अपवादही आहेत. लोकहितासाठी केलेलं खरं विधान, आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेनं दिलेलं मत, हे दोन आपल्या कामाचे. पण "मी गमतीत म्हटलं" असा अपवाद त्यात नाही. म्हणूनच दुसऱ्या टप्प्यावरची वही फेकू नका. लेख छापून आल्यावर निदान तीन-चार वर्षं ठेवा.

गावाचं नाव काल्पनिक देताना जनगणनेची गावयादी बघा. पिंपळगाव, पिंपरी, वडगाव तर तालुक्या-तालुक्यात सापडतात. 'वडगाव बुद्रुक' लिहून काल्पनिक म्हणाल तर कुठले तरी सरपंच फोन करतातच. आणि नाव बदललं पण निळी टाकी, तिच्याशेजारचा मारुती आणि सरपंचाची बुलेट तशीच ठेवली, तर नाव बदलून काही उपयोग झाला नाही. धर्म आणि समाजातलं वैर यांच्याशी लेखाचा धागा जरा जरी लागत असेल, तर छापण्याआधी वकिलाला दाखवा. ते काम माझ्यासारख्या संपादकाच्या भरवशावर टाकू नका.

## १०. तिघांना वाचायला द्या

एक, विषय माहीत असलेला. तो चुका काढेल. दुसरा, विषय अजिबात माहीत नसलेला. त्याला हे खरं वाटलं तर सहाव्या टप्प्यावर परत जा, माझ्या टँकर स्पर्धेसारखं झालंय. तिसरा सापडणं अवघड असतं: ज्याच्यावर लेख आहे त्याच्या जागी काम केलेला कुणीतरी. मी एका निवृत्त ग्रामसेवकांना दाखवतो. नळाचा लेख वाचून ते हसले नाहीत. अर्ज दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "प्रत माहितीस्तव कुणाला, ते खाली लिहिलं न्हाई तुम्ही. हे असं कुणी पाठवत नसतंय." ती ओळ घातली.

वाचून दाखवू नका, वाचायला द्या. तुमच्या आवाजात उपरोध असतो, कागदावर तो असेलच असं नाही.

## ११. छापून आल्यावर

लेखाचा फोटो काढून कुणी गटात टाकला आणि लोकांनी खरा मानला, तर दोन ओळींचा खुलासा लगेच टाका: हा लेख उपरोधिक आहे, अमुक अंकात आला आहे. विनोद समजावून सांगू नका. आकडा चुकला असेल तर आकडा दुरुस्त करा, पुढच्या अंकात दुरुस्ती छापा, आणि लपवाछपवी करू नका. कुणी चिडून फोन केला तर आधी ऐकून घ्या आणि एकच विचारा: लेखातलं कोणतं वाक्य खोटं आहे? वही जवळ ठेवून बोला.

नळाच्या लेखानंतर मला आलेला फोन चिडलेला नव्हता. दुसऱ्याच तालुक्यातल्या एका समितीचे सदस्य होते. अर्जाचा नमुना त्यांना फार आवडला होता. त्यांच्याही गावात गळती शून्य होती. पुरस्काराची शेवटची तारीख कोणती, एवढं त्यांना हवं होतं.